विकतच्या चकत्या आणि माझ्या

विकत मिळणाऱ्या चकत्या चांगल्या असतात. घरी केलेल्या तशा होत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, म्हातारी आता हाताने केलेल्या वस्तूचे गोडवे गाणार. लाकूड घासायच्या मशीनला खाली पॉलिश पेपरची गोल चकती लागते. तशा चकत्या मी एक अख्खा हिवाळा केल्या आणि त्यापुढचा उन्हाळाही केल्या. माझ्या चकत्या कडेला उचलायच्या, मधे फुगायच्या आणि मशीन तापलं की निसटून भिंतीवर जाऊन आपटायच्या. विकतच्या तसं करत नाहीत.

तरी मी त्या करत बसले. त्याचं कारण चकत्या नव्हतं.

मी सौदीत जुबैलला मुलाकडे राहते. नवरा गेल्यावर गावचं घर बंद केलं, मुलाने माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, करून घेतला आणि मी इथे आले. मुलगा कारखान्यात शिफ्टवर आहे; घरात सून आणि शाळेत जाणारी नात. कंपनीने दिलेलं बैठं घर आहे, पुढे भिंतीने वेढलेलं छोटं अंगण. त्याला इथे हौश म्हणतात. भिंत इतकी उंच की अंगणात उभं राहिलं तर वर आभाळ दिसतं आणि लांब कारखान्याच्या एका चिमणीच्या टोकाची ज्योत दिसते, बाकी काही नाही. रस्ते रुंद आहेत, स्वच्छ आहेत, पण त्यांवरून चालणारं माणूस नाही. मी दोन-तीनदा चालून आले. प्रत्येक वेळी कोणीतरी गाडी थांबवून विचारलं, काही मदत हवी का. मग चालणं सोडून दिलं.

सून पुण्यात एका कंपनीत हिशेबाच्या कामावर होती. लग्न होऊन इथे आली आणि घरात अडकली. तिला स्वस्थ बसता येत नाही, हा तिचा गुणही आहे आणि घरच्यांना तापही. आधी केक झाले. मग कुंड्या झाल्या, त्या उन्हात करपल्या. मग लाकूड आलं. कारखान्यात यंत्रं येतात ती लाकडी चौकटींवर ठेवून येतात. यंत्र उतरवलं की चौकट फेकून देतात. पॅलेट म्हणतात त्याला. मुलगा विचारून चार पॅलेट गाडीवर बांधून घेऊन आला आणि अंगणात टाकून म्हणाला, "आई, तुझ्या माहेरचा धंदा माझ्या बायकोने काढला बघ."

"माझ्या माहेरी खिळा काढताना एवढा आरडाओरडा करत नसत," मी म्हटलं. सून पॅलेटवर पाय देऊन पक्कड ओढत होती आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं किंचाळत होती.

"हसा आई, हसा. पण हा निघणार कसा ते तरी सांगा."

"मागून ठोक आधी. डोकं वर आलं की मग धर."

तिने मागून ठोकलं, खिळा वर आला. त्या दिवसापासून ती मला विचारायला लागली. मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगत गेले. ते फार नव्हतं. जे होतं ते बघून बघून झालेलं होतं.

मी सुताराच्या घरात जन्मले. बाप दारं, खिडक्या, खाटा, पाट करायचा. कोकणात आमचं गाव आडबाजूला होतं, बाजार लांब. पॉलिश पेपर बाजारात मिळायचा, पण बापाला तो परवडायचा नाही किंवा पटायचा नाही, दोन्हीपैकी एक. आम्ही घरीच करायचो. औषधाच्या फुटक्या बाटल्या गोळा करायच्या, धुवायच्या आणि दगडी उखळात कुटायच्या. नाकातोंडाला ओलं फडकं बांधून. मग ती काच धोतराच्या कापडातून गाळायची. जाडी वेगळी, मधली वेगळी, पिठासारखी वेगळी. मांजरपाट फळीवर ताणून त्याला उकळता सरस लावायचा आणि वरून काच पेरायची, रांगोळी पेरतात तशी, पण सारखी. सरसाचा वास इतका घाण की त्या दिवशी जेवण जात नसे. हे सगळं बायकांचं काम. आईने केलं, मी केलं. कापड वाळून कडक झालं की आम्ही ते ओटीवर नेऊन ठेवायचो आणि आमचं काम संपलं. पुढे लाकूड पुरुषांचं.

शेवटचं घासणं माझा भाऊ करायचा. मी उंबऱ्याच्या आतून बघायची. रंधा मारलेली फळी दिसायला सरळ असते, पण मुकी असते. तीच घासत गेलं की रेषा वर येतात, रंग गडद होतो, आणि हात फिरवला तर कुठे अडत नाही. ते मला करायचं होतं. काच कुटायची नव्हती.

पण आमच्याकडे एक रीत होती. दुसऱ्याच्या हत्याराला हात लावायचा नाही. मागायचंही नाही. बापाचा रंधा भावानेही कधी आपण होऊन उचलला नाही. बापाने एके दिवशी तो स्वतः उचलून त्याच्या हातात दिला आणि त्या दिवसापासून भाऊ सुतार झाला. हातात पडेपर्यंत थांबायचं, एवढंच. माझ्या हातात काच कुटायचा बत्ता पडला. पुढे लग्न झालं ते एसटीच्या कंडक्टरशी, आणि लाकडाशी संबंध उरला तो चुलीपुरता.

तर इतक्या वर्षांनी जुबैलला सुनेचं घासायचं मशीन आलं. तळव्यात मावेल एवढं, वरून गोल, आंब्याच्या बाठ्यासारखं हातात बसणारं. बुडाला बारीक आकड्या असतात आणि चकतीच्या पाठीला लव असते. लव आकड्यांत अडकते आणि चकती धरून राहते. सुनेने पॅलेटची एक फळी घेतली. समुद्राच्या हवेने आणि तेलाने काळी पडलेली. मशीन सुरू केलं आणि हळू हळू पुढे नेलं. मागे पांढरी, गुलाबट रेषांची वाट उमटत गेली. मी दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. 

हे मला करायचं आहे, हे मला त्याच क्षणी कळलं. उगाच घोळ नाही. ते मशीन एकदा हातात घेऊन एक फळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी स्वतः गुळगुळीत करायची. म्हातारपणी दुसरी काही हौस मला नव्हती, आजही नाही.

सुनेने काम थांबवून मशीन बाकावर ठेवलं आणि पाणी प्यायला आत गेली. मशीन माझ्यापासून हातभर लांब होतं. मी त्याच्याकडे बघत बसले. ती परत आली, मशीन उचललं, कामाला लागली.

असं पुष्कळदा झालं.

पॅलेटचं लाकूड चिडाचं, म्हणजे पाइनचं. त्यातून राळ सुटते आणि चकती भरून जाते. सून ती काढून टाकायची आणि नवी लावायची. दोन आठवड्यांत चकत्या संपल्या. दुकान दूर, मुलगा ड्युटीवर, आणि तो घरी असला तर झोपलेला. सून कमरेवर हात ठेवून म्हणाली, "झालं. आता शुक्रवारच्या सुट्टीपर्यंत बोंब."

मी कचऱ्याच्या डब्यातून टाकलेल्या चकत्या काढल्या. धार गेली नव्हती, नुसता चीक भरला होता. जुन्या स्लिपरचा रबरी तळ घेतला आणि त्यावर घासला. रबर चीक ओढून घेतं. चार-पाच चकत्या साफ करून तिच्यापुढे ठेवल्या.

"अय्या! आई, या तर नव्यासारख्या झाल्या! हे कुठे शिकलात?"

"स्लिपर माहेरच्या नव्हत्या. पण चीक काढायला काहीतरी लागतंच."

ती चकती लावून कामाला बसली. मला वाटलं होतं, म्हणेल, आई, लावून बघा, नीट झालीय का. असं कोणीही म्हणेल. ती म्हणाली नाही. आनंदात होती, एवढंच. मग मला वाटलं, चकत्या साफ करून भागायचं नाही, नव्या करून द्याव्या. ज्याने चकती केली त्याच्या हातात एकदा तरी मशीन येईलच. असा माझा हिशेब होता.

मुलाला सांगितलं, पॉलिश पेपरचा रोल आण. तो दुकानातून फोन करून विचारायला लागला, "आई, नंबर कोणता? इथे शंभर प्रकार आहेत."

"कमीत कमी असेल तो आण."

आमच्याकडे सगळ्यात बारीक कागदाला झिरो नंबर म्हणत. झिरोनंतर एक, एकनंतर दोन, आकडा वाढला की कागद खरखरीत. इथे उलट असतं हे मला काय माहीत. त्याने चाळीस नंबरचा रोल आणला. बोट फिरवलं तर कातडी निघावी असा.

"आई, हा पॉलिश पेपर आहे की डांबरी रस्ता?" त्याने विचारलं.

"तुझ्या दुकानदाराला विचार."

"दुकानदाराला? तू सांगितलास तो आणला!"

सून हसून हसून खाली बसली. पण रोल वाया गेला नाही. पॅलेटला पहिला हात मारायला चाळीसच लागतो. मी कामाला लागले.

नातीच्या कंपासने गोल आखायचा, कात्रीने कापायचा. पाठीला लव हवी म्हणून तिचं लहानपणचं मऊ ब्लँकेट फाडलं. त्यावर पांढरा गम लावून कागद चिकटवायचा. मग धूळ ओढली जाण्यासाठी भोकं पाडायची, मशीनच्या बुडाला असतात तिथेच. भोकं सरकली तर काही उपयोग नाही. आणि वाळवायचं. हेच अवघड. जुबैलची हवा दमट, अंगणात ठेवलं तर गम दुसऱ्या दिवशीही ओला. मी एसीखाली जेवणाच्या टेबलावर ठेवल्या, वर वजन म्हणून नातीची पुस्तकं.

नात शाळेतून आली आणि ओरडली, "आज्जी! मेरी सायन्स की बुक चिपक गई!"

"चिकटली तर चिकटली. तशीही तू कुठे उघडतेस."

"आज्जी, नॉट फनी!"

तिचं पुस्तक गरम सुरीने सोडवून दिलं. मागचं पान थोडं गेलं. तिला मी म्हटलं, मागच्या पानावरचं परीक्षेत येत नाही. ती हे तिच्या बाईंना सांगून आली.

सुनेने माझी पहिली चकती लावली. काही वेळ चांगली चालली. मग मशीन तापलं, गम सैल झाला आणि कागद सुटून भिंतीवर गेला. सून दचकली. मी म्हटलं, गम कमी पडला. पुढच्या वेळी जास्त लावला तर चकती मधे फुगली आणि फळीवर गोल गोल ओरखडे उठले. मग मी गम पाण्याने पातळ करून दोनदा लावायला लागले आणि पुस्तकांऐवजी वर तांदळाचं पोतं ठेवलं. त्या बऱ्या झाल्या. सून प्रत्येक वेळी म्हणायची, "थँक्यू आई, मस्त झालीय." आणि मशीन लावायची. मी खुर्चीवर बसायची. माझ्या मांडीवरच्या चकत्या, तिच्या हातातलं मशीन.

तिने त्या हिवाळ्यात एक शेल्फ केलं, दोन स्टुलं केली, चपला ठेवायची मांडणी केली. ओळखीच्या बायका बघून गेल्या. एकीने स्टूल मागितलंसुद्धा. सून खुश होती आणि मीही काही नाराज नव्हते. माणसाला काम हवं असतं, ते मला मिळालं होतं. फक्त ते मला हवं होतं ते नव्हतं.

एकदा मला कात्री सापडेना. सुनेच्या सामानाचा डबा उघडला. खाली, स्क्रू ड्रायव्हरच्या पाकिटाखाली, विकतच्या चकत्यांचं पाकीट होतं. बारीक नंबरचं. अर्धं वापरलेलं.

मी ते तिच्यापुढे टेबलावर ठेवलं. "हे काय?"

ती लाल झाली. "आई, ते... शेवटच्या हाताला. तुमच्या पहिल्या हाताला एकदम बेस्ट आहेत, खरंच. पण शेवटचं फिनिशिंग..."

"मग लपवलंस कशाला?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाईट काय वाटायचंय. विकतच्या चांगल्याच आहेत. मला दिसत नाही का?"

"मग तुम्ही नका ना करू. उगाच बोटं दुखतात तुमची. माझ्याजवळ नुसत्या बसा."

"नुसतं बसायला मला येतं. ते तुझ्याकडून शिकायला नको."

हे मी बोलले. ती बाहेर गेली. त्या वेळी मी म्हणायला हवं होतं, की मला चकत्या नको, मला मशीन दे. एवढं सोपं होतं. ती समोर होती, विचारत होती, आणि मशीन दारापलीकडे बाकावर पडलेलं होतं. पण सासूने सुनेकडे खेळणं मागितल्यासारखं मागायचं, हे तोंडातून निघेना. आणि आमच्याकडे मागत नाहीत.

तिने विकतचं पाकीट परत डब्यात ठेवलं, पण आता वर ठेवलं. मी चकत्या करतच राहिले. ती त्या वापरतच राहिली. दोघींनी विषय काढला नाही.

मग उन्हाळा आला. इथल्या उन्हाळ्यात अंगणात लाकूडकाम होत नाही. बाकावर हात ठेवता येत नाही आणि हवेत पाणी असतं. मशीन कपड्यात गुंडाळून आत गेलं. मी एसीत बसून चकत्या कापत राहिले. पुढच्या हिवाळ्याला लागतील. ब्लँकेट संपलं, दुसरं फाडलं. मनाशी ठरवलं होतं की थंडी पडली, अंगण उघडलं, की पहिल्याच दिवशी सुनेला सांगायचं, एक फळी मला दे. शब्दसुद्धा ठरवले होते. "एक फळी मला दे आणि तू चहा कर." म्हणजे ऐकायला मागणं वाटत नाही.

थंडी पडायला लागली. सुनेने मशीन बाहेर काढलं आणि पहिल्याच सकाळी पलीकडच्या घरातली बाई दारात आली. लखनौकडची आहे, गोड बोलते. "आंटी, बुरा मत मानना. मेरा आदमी रात की ड्यूटी करके आता है. नींद के लिए बच्चे जैसा रोता है." तिचं चुकीचं नव्हतं. आमचा मुलगा झोपला की आम्हीही मशीन बंद ठेवतच होतो. पण ही सगळी वसाहत शिफ्टवाल्यांची. इथे कुठल्याही वेळी कुठल्या ना कुठल्या भिंतीपलीकडे कोणीतरी झोपलेलं असतं. आम्ही आमच्या माणसाचं बघितलं, पलीकडच्या भिंतीचं नाही. चार दिवसांनी घरांची व्यवस्था बघणारा माणूस आला. त्याने धुळीचंही सांगितलं, गाड्यांवर बसते म्हणून. "मशीन खलास," तो म्हणाला आणि हात झटकले.

सून आठवडाभर चिडून होती. मग तिला तासाभरावरच्या खोबर शहरात एका ऑफिसात हिशेबाचं काम लागलं. आता इथे बायकांना कामं मिळतात. सकाळी निघते, संध्याकाळी येते. मशीन तिने विकून टाकलं. वसाहतीबाहेरचा एक माणूस येऊन घेऊन गेला. मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. त्याने दारात मशीन लावून बघितलं, त्याचा आवाज ऐकू आला. मी बाहेर गेले नाही.

अंगणात दोन फळ्या उरल्या होत्या आणि माझ्या चकत्यांचा बिस्किटाचा मोठा डबा भरलेला होता. काही दिवस मी त्या डब्याकडे बघितलं नाही. मग एका सकाळी, घरी कोणी नसताना, दोन बादल्या पालथ्या घातल्या, त्यांवर फळी आडवी टाकली. लाकडाच्या तुकड्याला माझी चकती गुंडाळली आणि हाताने घासायला लागले. हाताचा आवाज कोणाची झोप मोडत नाही.

हाताने ते काम फार हळू होतं. आधी चाळीस नंबर. काळं निघून गेलं. मग त्याहून बारीक, मुलाने नंतर आणलेल्या रोलची. चकतीचा गम हाताला चिकटत होता, लव सुटत होती, पण कागद धरत होता. तंतूंच्या दिशेने घासायचं, आडवं नाही. हे मला उंबऱ्याआतून बघून माहीत होतं. कितीतरी वेळाने एका टोकाकडे रेषा वर आल्या. गुलाबट, बारीक. मी हात फिरवला. अडला नाही.

मी एवढंच सांगते की मला ते आवडलं. जेवढं वाटलं होतं तेवढंच आवडलं. कमी आवडलं असतं तर बरं झालं असतं.

रोज थोडं थोडं करत फळी अर्ध्यावर आली. चौथ्या-पाचव्या दिवशी सून लवकर परतली. पाठीला बॅग, गळ्यात ऑफिसचं कार्ड. दारातच थांबली.

"आई, हे काय?"

"दिसतंय काय ते."

ती जवळ आली आणि फळीवरून हात फिरवला. पुढून मागे, परत पुढे. "हाताने केलंत? एवढं गुळगुळीत? आई, मला मशीनने असं जमलं नाही कधी."

"जमलं होतं. शेल्फ बघ तुझं."

"पण तुम्हाला हे करायचं होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"मशीन आलं त्या दिवसापासून."

ती बॅग न काढताच पायरीवर बसली. "मग घ्यायचं ना हातात! तिथेच तर पडलेलं असायचं."

"दुसऱ्याचं हत्यार उचलत नाहीत."

"हत्यार कसलं, आई! मी मुद्दाम बाकावर ठेवायचे. मला वाटायचं, कंटाळा आला की घेतील, करून बघतील. तुम्ही कधी हात लावला नाहीत, मग मला वाटलं तुम्हाला भीती वाटते करंटची."

"करंटची?"

"मग काय वाटणार? आणि मला वाटायचं तुम्हाला चकत्या करायला आवडतं. म्हणून तर विकतच्या लपवल्या मी."

"चकत्या करायला कोणाला आवडेल? चिकट, घाण काम."

ती हसली. हसता हसता थांबली आणि नखाने पायरीवरची राळ खरवडायला लागली.  रीत माझ्या घरची होती, तिला ती कोणी सांगितली नव्हती. मीही सांगितली नव्हती. ती आपल्या घरच्यासारखं वागली, मी माझ्या. ती वाट बघत होती मी उचलण्याची, मी वाट बघत होते तिने देण्याची, आणि मशीन आमच्या मधे बाकावर पडून होतं. बापाच्या घरी मला अडवणारे होते. इथे कोणी नव्हतं.

"आपण दुसरं मशीन घेऊ," ती म्हणाली.

"घेऊन वाजवशील कुठे?"

 ती फळीवरची धूळ फुंकून म्हणाली, "उरलेलं मी घासू का? दोघी मिळून संपवू."

"नको. ही माझी आहे."

ती "बरं" म्हणाली आणि आत जाऊन चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा उजवा हात डोक्यापर्यंत जाईना. वेणी घालता येईना. दवाखान्यात नेलं. डॉक्टर आपल्याकडचाच, नागपूरचा. खांद्याचं बघून म्हणाला, "आजी, काय उचललंत?" मी म्हटलं, काही नाही, फळी घासली. तो म्हणाला, या वयात हे बंद. गोळ्या दिल्या, व्यायाम दाखवले. व्यायाम मी करते. हात खांद्यापर्यंत येतो, त्यावर जात नाही.

सुनेने खोबरहून चांगल्या कागदाचं पाकीट आणलं, हाताने घासायला असतो तसल्या, मऊ पाठीच्या. म्हणाली, "तुमच्या चकत्यांची लव सुटते. यांनी करा, खांदा बरा झाल्यावर." मी बघितलं. कागद उत्तम होता. दाणे सारखे, पाठ चिवट. माझ्या चकत्यांत आणि त्यात तुलनाच नाही. तिने तो विचार करून आणला होता, हेही मला कळलं. मी घेतला आणि ठेवून दिला.

हिवाळा सरत आला. दुपारी अंगणात बसवत नाही. परवा मुलगा फळीला अडखळला आणि म्हणाला, "आई, ही आत घेऊ की टाकून देऊ?" सून स्वयंपाकघरातून ओरडली, "हात लावू नकोस, ती आईंची आहे." तो म्हणाला, "आईंची आहे तर आई करणार काय तिचं?"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, नातीच्या टेबलाच्या वर भिंतीला लावून टाका, पुस्तकं ठेवायला. घासलेला अर्धा भाग दाराकडे येऊ दे. राहिलेला कोपऱ्यात जाऊ दे.

मुलगा ड्रिल शोधायला गेला. सून तिथेच उभी राहिली. "आई, एक हिवाळा थांबू या. खांदा सुटेल."

"सुटणार नाही," मी म्हटलं. "लाव म्हटलं ना. संध्याकाळी लावा, पलीकडचा उठल्यावर."